धर्मादाय खाट : दया की देणे?

'धर्मादाय' हा शब्द आपल्या भाषेत मोठा सोज्वळ वाटतो. त्यात धर्म आहे, दानाचा सुवास आहे, आणि देणाऱ्याचा हात वर व घेणाऱ्याचा हात खाली असे एक परंपरागत चित्रही आहे. महाराष्ट्रातील चारशेहून अधिक रुग्णालये या शब्दाच्या छायेखाली चालतात. कायद्याच्या कागदावर मात्र हे चित्र पार उलटे आहे. तेथे धर्मादाय रुग्णालय हे ऋणको आहे आणि गरीब रुग्ण हा धनको आहे. हे उलटे नाते आपल्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि मुख्य म्हणजे वस्तीतल्या माणसाला नीट उमगलेले नाही. ते उमगू नये अशीच सारी व्यवस्था आहे. म्हणून ते येथे जरा विस्ताराने मांडावयाचे आहे.

प्रथम एक जुनी हकीकत. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र गांधीजींनी १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले होते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या टिपणात ते पुन्हा आपल्यासमोर ठेवले. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्याच्या घरी यावयास तयार होईना. शिक्षक नगरशेठकडे गेला, गिरासदार दरबाराकडे गेला, विनवण्या केल्या. अखेर डॉक्टरच्या दोन रुपये फीसाठी नगरशेठ जामीन राहिला, तेव्हा डॉक्टर आला. तोही वस्तीबाहेर तपासीन या अटीवर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह वस्तीबाहेर आणण्यात आले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले, औषध पाठवले आणि पुढे रोग्याला पाहण्याचे साफ नाकारले. दोन रुपये त्याला पोचले होते. बाई गेली.

ही हकीकत वाचताना आपले लक्ष साहजिकच थर्मामीटरवर खिळते. विटाळाचे इतके नेमके, इतके शास्त्रीय चित्र दुसरे सापडणार नाही. परंतु या हकीकतीत नगरशेठही आहे, आणि त्याच्याकडे आपण फारसे पाहिलेले नाही. शिक्षक पगारदार माणूस होता. दोन रुपये त्याने दिलेही. तरीही त्याच्या शब्दावर डॉक्टरचा विश्वास बसला नाही. अस्पृश्याच्या शब्दाला बाजारात पत नव्हती. पत असलेल्या दुसऱ्या माणसाने त्याच्या वतीने उभे राहावे, तेव्हाच वैद्यकीचे दार किलकिले होणार, असा तो रिवाज होता.

आज थर्मामीटर बव्हंशी थेट आपल्या काखेत येते. सर्वत्र आणि सर्व काळी येते असे मी म्हणणार नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांना याचे अनुभव आहेत. परंतु नगरशेठ मात्र गेलेला नाही. त्याने वेष पालटला आहे, आणि धर्मादाय रुग्णालयाच्या खिडकीवर तो आपल्याला रोज भेटतो.

आता कायद्याकडे वळू. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांसंबंधीचा आपल्या राज्याचा कायदा १९५० सालचा. विश्वस्त संस्थेच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाला समाज काय काय देतो याची यादी एकदा करून पाहावी. आयकरात सूट, देणगीदाराला करसवलत, कित्येकांना नाममात्र दराने सरकारी जमीन, कोठे वाढीव बांधकामाची मुभा. १९८८ साली केंद्र सरकारने परदेशी यंत्रसामग्रीवरील सीमाशुल्कही काही रुग्णालयांना माफ केले होते. त्याच्या अटींत बाह्यरुग्णांपैकी ४० टक्क्यांवर मोफत उपचार आणि दरमहा ५०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आंतररुग्णांवर मोफत उपचार ही एक अट होती. यंत्रे आली आणि बसलीही; अटीचे काय झाले, हे त्या काळी रुग्णालयाच्या दारातून परत फिरलेल्यांना विचारावे. हा सारा पैसा सरकारच्या तिजोरीत न आलेला, म्हणजेच आपणा सर्वांच्या खिशातला पैसा आहे. शेतमजूर काड्याची पेटी घेतो तेव्हाही कर भरतो. तेव्हा या रुग्णालयांच्या भिंतींत त्याचीही वीट आहे.

या विटेची परतफेड म्हणून १९८५ मध्ये या कायद्यात कलम ४१ कक घालण्यात आले. ज्या विश्वस्त संस्थेचा रुग्णालयावरील वार्षिक खर्च पाच लाखांहून अधिक आहे आणि जी शासनाच्या सवलती घेते, तिने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, असे हे कलम सांगते. शब्द स्पष्ट होते. पुढची एकवीस वर्षे ते बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि १७ ऑगस्ट २००६ रोजी न्यायालयाने एक तपशीलवार योजनाच घालून दिली. १ सप्टेंबर २००६ पासून ती सर्व धर्मादाय रुग्णालयांवर बंधनकारक झाली.

ही योजना प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावयास हवी. २०० खाटांच्या रुग्णालयात २० खाटा मोफत आणि २० सवलतीच्या, हा झाला पहिला हिशेब. दुसरा हिशेब पैशाचा. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम, कोणतीही वजावट न करता, रुग्णालयाने 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळ्या खात्यात टाकावयाची. वर्षाला ५० कोटींची बिले करणाऱ्या रुग्णालयात हा निधी १ कोटीचा होतो. निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टरची सेवा, परिचर्या, चादरी, पाणी, वीज, रुग्णालय जेवण देत असेल तर जेवण, आणि नेहमीच्या तपासण्या यांचे बिलच लावावयाचे नाही. औषधे, साहित्य, शरीरात बसवावयाचे सांधे-सळ्या यांची किंमत रुग्णालयाच्या खरेदीभावाने धरून ती या निधीतून वळती करावयाची. दुर्बल घटकातील रुग्णाला सवलतीचा दर. औषधे व साहित्य खरेदीभावाने, आणि त्यातला निदान निम्मा भाग त्याने भरावयाचा.

'निधी संपला' हे वाक्य या खिडक्यांवर फार ऐकू येते. ते खरे असो वा खोटे, निधीचा संबंध औषधे-साहित्य आणि इतर बिलपात्र सेवांच्या खर्चाशी आहे. खाट, परिचर्या, वीज, पाणी यांचे बिलच लागत नाही, मग ती निधीतून देण्याचा प्रश्न येतो कोठून? हा साधा भेद ठाऊक नसल्यामुळे माणसे मुकाट्याने परत फिरतात.

योजनेतले सर्वांत मोलाचे कलम तातडीच्या रुग्णाविषयी आहे. अपघात झालेला, छातीत कळ आलेली, अडलेली बाई असा रुग्ण आला तर त्याला तत्काळ दाखल करून जीव वाचवणारे उपचार सुरू करावयाचे आणि त्याच्याकडे अनामत रक्कम मागावयाची नाही. हे २००६ पासून लिहिलेले आहे. तरीही २०२५ साली पुण्यात एका गर्भवतीकडे दाखल होण्यापूर्वी १० लाखांची अनामत मागितल्याच्या आरोपावरून राज्यभर खळबळ उडाली. ती बाई पुढे दगावली. त्या वेळी वृत्तपत्रांतून जणू काही नवाच नियम करावा अशी चर्चा चालली होती. नियम तर एकोणीस वर्षांचा होता!

मग अडते कोठे? आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याचे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. परांचीवरून पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. एका धर्मादाय रुग्णालयात त्यांना नेले तर चाळीस हजार भरा म्हणून सांगण्यात आले. मुलगा शिकलेला, त्याने धर्मादाय खाटेचा विषय काढला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, समाजसेवा अधीक्षक चार वाजता येतील. चार वाजता आलेले अधीक्षक म्हणाले, खाटा भरल्या आहेत, तरी बघू. आमदारांचे पत्र असेल तर घेऊन या. पत्र कोणत्या कलमाखाली लागते, हे त्या मुलाने विचारले नाही. बाप बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचरवर होता. असल्या वेळी कलमे विचारण्याचे बळ कुणाच्या अंगी असते? तो धावाधाव करून पत्र घेऊन आला आणि संध्याकाळी खाट निघाली. बिल बरेच कमी झाले. पुढच्या निवडणुकीत त्या घराने या पत्राची आठवण ठेवावी, हे न बोलताच ठरून गेले. वस्तीत तर आमदारांनी ऑपरेशन करून दिले, असाच बोलबाला झाला.

हाच तो नगरशेठ! योजनेत पत्राचा उल्लेख कोठेही नाही. रुग्ण निर्धन आहे की नाही हे रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकाने तहसीलदाराच्या दाखल्यावरून अथवा शिधापत्रिकेसारख्या कागदावरून पाहावयाचे, इतकेच आहे. पण हक्काच्या वस्तूला शिफारशीची वाट लावली की दोघांचे साधते. रुग्णालयाला रांग आवरता येते आणि पुढाऱ्याला ऋणाईत माणसे मिळतात. हानी होते ती एकाची. त्याने कायद्याने मिळणारी वस्तू घेतली, आणि घेताना मान खाली घातली.

कागदाचाही प्रश्न लहान नाही. २००६ साली निर्धनतेची मर्यादा वर्षाला २५,००० आणि दुर्बल घटकाची ५०,००० रुपये होती. २५,००० म्हणजे साऱ्या कुटुंबाला दिवसाकाठी ६८ रुपये. या मर्यादेच्या आत खरोखर जगणारा माणूस रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचण्याआधीच मरणार, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढल्या आणि आता त्या १,८०,००० व ३,६०,००० रुपये आहेत. ही सुधारणा मोठी आहे. आज महिना पंधरा हजारांत घर चालवणारा सफाई कामगार, घरकाम करणारी बाई, नाक्यावरचा मजूर यात बसतो. पण नाक्यावरच्या मजुराची शिधापत्रिका जालन्याच्या खेड्यात असते आणि अपघात ठाण्यात होतो. तहसील कार्यालयाची वेळ आणि अपघाताची वेळ यांची गाठ पडत नाही. दाखला येईपर्यंत अनामत मागतात. अनामत दिली की हा तर पैसे भरू शकतो असे म्हणतात. ही गंमत नव्हे, हा तर्क मी स्वतः ऐकलेला आहे.

ज्यांच्या मागे पुढारीही नाही, ते काय करतात? ते उचल घेतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची कहाणी २०१९ साली विधिमंडळात पोचली. शासनाने समिती नेमली आणि पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत जवळजवळ एक. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापले जातात, पाळीच्या दिवसांत आडोसा नसतो आणि पाणीही नसते. अंगावरून जाते म्हणून बाई गावातल्या खाजगी दवाखान्यात जाते. तिथे साध्या औषधाने बरे होईल असे सांगणारा क्वचित भेटतो. पिशवी काढून टाका, कटकट मिटेल, असे सांगणारा भेटतो. ऑपरेशनचे पैसे मुकादमाच्या उचलीतून येतात आणि उचल फेडण्यासाठी टाके ओले असतानाच बाई फडात उतरते. येथे जामीनदार मुकादम आहे. उपचार परवडत नाही याचा अर्थ उपचार मिळत नाही एवढाच आपण करतो. नको तो उपचार गळ्यात पडतो आणि त्याचे कर्ज पुढचा हंगाम खाऊन टाकते, हा त्याचा दुसरा अर्थ आहे. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातील बाळंतपणाचे जे हाल लिहिले, ते दवाखाना नसल्याचे हाल होते. बीडच्या बायांचे हाल दवाखाना असल्याचे आहेत.

देशाचा हिशेबही पाहून ठेवावा. केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातील ६४.२ टक्के खर्च लोक थेट खिशातून करीत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. त्याच काळात सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. आकडे सुधारले हे मान्यच केले पाहिजे; सगळेच खोटे म्हणण्याची आपल्यातील काहींना जी सवय आहे तिचा उपयोग नाही. परंतु २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे वचन दिले होते. आणि पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व तर भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले आहे. स्वातंत्र्यापेक्षा वयाने वडील असलेले हे वचन आहे!

येथे कुणी म्हणेल, आता महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची योजना आहेच की. आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत वेगळ्या नावाने ती सुरू झाली, २०१७ मध्ये तिला जोतीरावांचे नाव मिळाले, आणि आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण तीत आहे. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, कर्करोगाच्या कित्येक रुग्णांचे प्राण तिने वाचवले आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हेही चांगले पाऊल आहे. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. फुले योजनेत ठरलेल्या यादीतील उपचारांचे पैसे सरकार रुग्णालयाला देते. धर्मादाय खाटेचा खर्च रुग्णालयाने स्वतः सोसावयाचा असतो, कारण ते त्याचे देणे आहे. गरीब रुग्ण दिसला की त्याला योजनेत घाला आणि यादीत बसला नाही तर वाटेला लावा, असा जर प्रघात पडला, तर देणे रुग्णालयाचे आणि फेड पुन्हा सरकारी तिजोरीतून, असे होईल. एकाच शेतमजुराकडून दोनदा वसुली झाली, असाच त्याचा अर्थ. या दोन वाटा वेगळ्या आहेत हे वस्तीत सांगितले गेले पाहिजे.

सेवेची आपली स्वतःची एक परंपरा आहे, तिचाही येथे उल्लेख करणे प्राप्त आहे. १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरजवळ माळरानावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तेथे आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या मुलासाठी कुणी जामीन राहिले नव्हते. काठेवाडची हकीकत याच्या बत्तीस वर्षांनंतरची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पाठीवरच्या ओझ्याचे वजन कळते.

न्यायालयाच्या वाटेनेही काही मिळालेले आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक मजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले. शेतमजुरांच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजदूर समितीने, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की तातडीचा उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई देवविली. हा निकाल ज्या संघटनेच्या नावाने कायद्याच्या पुस्तकांत नोंदला गेला, ती शेतमजुरांची आहे. आपल्याकडे जयंतीच्या वर्गणीतून रुग्णवाहिका घेणाऱ्या मंडळांची संख्या वाढते आहे. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण रुग्णवाहिकेने रुग्ण ज्या दारापर्यंत पोचतो, त्या दाराचा कायदा मंडळातल्या एकाला तरी यावा.

त्यासाठी वकील होण्याची गरज नाही. आपल्या शहरात कोणती रुग्णालये धर्मादाय आहेत ही यादी धर्मादाय कार्यालयातून मिळवावी. प्रत्येकाच्या एकूण खाटा किती, त्याचे १० टक्के किती, हे वस्तीच्या फलकावर लिहून ठेवावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी वस्तीतील कुटुंबांचे उत्पन्नाचे दाखले काढून घ्यावेत. आजार आल्यावर दाखला काढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी एका वर्षी रस्ता झाडण्याऐवजी हेच काम केले, तेव्हा प्राचार्यांनी याला श्रमदान म्हणता येईल का, अशी शंका काढली होती.

रुग्णालयात गेल्यावर तोंडी विनंती करू नये. निर्धन रुग्ण म्हणून दाखल करावे असा दोन ओळींचा अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. खाट नाही म्हणाले तर त्या दिवशी राखीव खाटांवर किती रुग्ण आहेत ते विचारावे आणि नकार लेखी मागावा. दाद मागावयाची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे. योजनेवर देखरेख ठेवणारी समिती तेथेच असते. लेखी नकारावर सही करावयास सहसा कुणी तयार होत नाही, असा आमच्या मुलांचा अनुभव आहे. अर्ज आत जातो, माणूस थोड्या वेळाने बाहेर येतो आणि रुग्णाचे नाव विचारतो.